14 ते 16 सप्टेंबर: गणपती, ग्रितो आणि सान मिगेलची गर्दी

प्रेषक: नवीन सभासद, केरेतारो
दिनांक: रविवार, 8 सप्टेंबर 2024
विषय: लाँग वीकेंडला काय करावं?

नमस्कार मंडळी,

काल आरतीला बऱ्याच जणांशी ओळख झाली, छान वाटलं. एक सल्ला हवा आहे. 16 तारखेचा सोमवार मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीचा, म्हणजे सलग तीन दिवस मोकळे. माझे आईबाबा पुण्याहून आले आहेत (अमेरिकेचा व्हिसा होता, त्यावरच इथेही येता आलं, वेगळा काढावा लागला नाही). मुलगी चार वर्षांची. ऑफिसातले सगळे म्हणतात, 15 च्या रात्रीचा ग्रितो (स्वातंत्र्याच्या हाकेचा सोहळा) बघितलाच पाहिजे आणि तोही दोलोरेस इदाल्गोला किंवा सान मिगेल दे आयेंदेला. नकाशावर सान मिगेल तासाभराचं दिसतंय. संध्याकाळी निघून, रात्री बघून, परत यावं असा विचार आहे. आईबाबा पूर्ण शाकाहारी आहेत. जमेल का?

---

प्रेषक: मंडळ सचिव
विषय: उत्तर: लाँग वीकेंडला काय करावं?

त्याआधी एक विनंती. मंडळाचं विसर्जन आपण रविवारी 15 ला सकाळी ठेवतो आहोत, अनंत चतुर्दशी मंगळवारी 17 ला येते आणि त्या दिवशी कुणालाच रजा नाही. सगळेच सान मिगेलला पळालात तर आरती मला आणि बासरीच्या कॅसेटला म्हणावी लागेल. कृपया कोण असणार, कोण नसणार ते कळवा.

---

प्रेषक: लेओनचे काका
विषय: उत्तर: उत्तर: लाँग वीकेंडला काय करावं?

सचिवसाहेब, 15 म्हणजे नववा दिवस. दीड, पाच, सात, दहा ऐकलंय. नऊ दिवसांचा गणपती आमच्या घराण्यात तरी कुणी बसवला नाही. पण ठीक आहे, परदेशात शनिवार-रविवार हेच पंचांग.

नव्या मित्राला: दोलोरेस डोक्यातून काढून टाका. नाव मोठं आहे हे खरं. 16 सप्टेंबर 1810 च्या पहाटे मिगेल इदाल्गो या पाद्र्याने तिथल्याच चर्चच्या दारात लोकांना स्पेनच्या राजवटीविरुद्ध उठायला सांगितलं. पण त्या वेळची घंटा 1896 पासून मेक्सिको सिटीला, नॅशनल पॅलेसवर आहे. दोलोरेसला तिची प्रतिकृती. त्या रात्री गावात मुंगीला शिरायला जागा नसते आणि चार वर्षांच्या मुलीला माणसांचे पाय तेवढे दिसतील. दोलोरेसला एरवीच्या एखाद्या मंगळवारी जा. चौकात आइस्क्रीमवाले असतात, अवोकाडोचं, मोलेचं, टकीलाचं, काय वाटेल त्याचं आइस्क्रीम. मातीच्या रंगीत भांड्यांची दुकानं तर रस्ताभर.

दुसरं म्हणजे, सगळे दोलोरेसकडे धावतात पण गोष्ट सुरू होते तुमच्या केरेतारोत. उठावाचा कट उघडकीला आला तेव्हा होसेफा ओर्तीस दे दोमिंगेस या बाईला तिच्या नवऱ्यानेच घरात कोंडून ठेवलं. नवरा तिथला कोरेहिदोर, म्हणजे राजाचा अधिकारी. तिने टाच आपटून खालच्या तुरुंगाधिकाऱ्याला खूण केली, तो घोड्यावरून सान मिगेलला निघाला, तिथून बातमी दोलोरेसला पोचली आणि ठरल्या दिवसाची वाट न बघता उठाव झाला. ते घर प्लासा दे आर्मास या चौकात उभं आहे, आता राज्य सरकारचं कार्यालय आहे. ग्रितोही तिथे होतो. आईबाबांना घेऊन तिथे चालत जा. घरी झोपायला तरी मिळेल.

---

प्रेषक: सान मिगेलच्या काकू
विषय: उत्तर: लाँग वीकेंडला काय करावं? (लांबलचक आहे, चहा घेऊन बसा)

काका इतिहास सांगतात तेव्हा मी मध्ये बोलत नाही. पण सान मिगेलबद्दल मला बोलू द्या. ह्यूस्टनहून निवृत्त होऊन इथे राहायला आलो त्याला आता बरीच वर्षं झाली.

संध्याकाळी येऊन रात्री परत, हे करू नका. शनिवारी दुपारपासून मेक्सिको सिटीची निम्मी माणसं 57 नंबरच्या हायवेवर असतात, टोल नाक्यांवर रांगा, आणि गावाच्या मध्यात गाडी शिरूच देत नाहीत. बाहेर कुठेतरी गाडी लावून दगडी फरसबंदीच्या उतारावरून चालत यायचं, आणि रात्री बाराला तोच चढ, कडेवर झोपलेली मुलगी. आजीचे गुडघे काय म्हणतील? शिवाय हा पावसाचा महिना. त्या वेळी भिजलेला दगड साबणासारखा असतो.

यायचंच असेल तर शनिवारी सकाळी या, सोमवारी दुपारी जा, आणि मधे गाडीला हात लावू नका. हॉटेलांचे दर या तीन दिवसांत दुप्पट होतात. आमच्याकडे वरची खोली आहे, ती तुमची. संकोच नको.

आता ग्रितो. अकराला नगराध्यक्ष बाल्कनीत येतात, झेंडा हातात, घंटा वाजते, स्वातंत्र्यवीरांचं एकेक नाव घेतात. इदाल्गो, मोरेलोस, होसेफा, आणि आयेंदे. आयेंदेचं नाव आलं की आमच्या गावाचा आवाज दुप्पट होतो, कारण इग्नासिओ आयेंदे 1769 मध्ये इथेच जन्मला आणि गावाचं नाव 1826 पासून त्याच्यावरून पडलं. शेवटी तीनदा "व्हिवा मेहिको!" मग आतषबाजी. बांबूच्या उंच सांगाड्याला चक्रं बांधलेली असतात, एकेक पेटत वर जातं आणि ठिणग्या थेट लोकांवर. स्थानिक लोक खाली पुठ्ठे धरून नाचतात, आमचे अमेरिकन शेजारी तक्रारीचे ईमेल लिहितात. मला दोन्ही समजतं. आमचा कुत्रा बाथरूममध्ये असतो.

पहिल्या वर्षी आम्हाला वाटलं, आपण परके, आपण कसं ओरडायचं? शेजारच्या आजींनी माझ्या गालावर हिरवा-पांढरा-लाल रंग ओढला आणि विषय संपला. इथे परदेशी माणसाने राजकारणात पडू नये हे राज्यघटनेच्या 33 व्या कलमात आहे खरं, पण "व्हिवा" म्हणणं हे राजकारण नाही. मनसोक्त म्हणा. फक्त चौकाच्या मध्यात घुसू नका. कडेच्या कमानींखाली उभं राहा, घरातलं स्टूल आणा आणि आजीला बसवा. फेस उडवणारे डबे विकतात, मुलीच्या डोळ्यांना सांभाळा. भारतात तेव्हा दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेदहा असतात, म्हणून आम्ही तिथूनच बहिणीला व्हिडिओ कॉल लावतो. तिला काही ऐकू येत नाही. तरी दरवर्षी लावतो.

जेवणाचं मात्र नीट ऐका. त्या रात्री सगळीकडे पोसोले, म्हणजे मक्याच्या दाण्यांचं सूप, त्यात डुकराचं मांस. चिलेस एन नोगादा दिसायला सुंदर, हिरवी मोठी मिरची, वर पांढरा अक्रोडाचा सॉस, डाळिंबाचे दाणे. पण आत खिमा. "सिन कार्ने" (मांसाशिवाय) म्हणाल तर चिकन येईल, कारण त्यांच्या हिशोबी ते मांस नाही. राजमा वाटून परततात तो बहुतेक चरबीत, भात कोंबडीच्या पाण्यात. म्हणून थेट विचारायचं, "मान्तेका" (डुकराची चरबी) आहे का? बिनधास्त खाण्यासारखं म्हणजे कणीस (मेयोनीज नको सांगा), भोपळ्याच्या फुलांचं केसादिया, निवडुंगाची भाजी. वितलाकोचे म्हणजे मक्यावरची काळी बुरशी. आईला आधी खायला द्या, नाव नंतर सांगा. आणि मी घरी वरण-भात लावणारच आहे.

आणखी एक. 16 ला बँका बंद, कचऱ्याची गाडी नाही, पाण्याचा गाराफोनवाला (मोठे जार आणणारा) कधी येईल देव जाणे. शनिवारीच दोन भरून ठेवा. आणि मूळ रेसिडेन्ट कार्ड खिशात ठेवा, मोबाइलमधला फोटो नको; आईबाबांचे पासपोर्टही.

ज्यांना खरंच सान मिगेल बघायचं आहे त्यांना खासगीत सांगते: ग्रितोला नाही, 29 सप्टेंबरच्या आसपासच्या शनिवारी-रविवारी या. गावाच्या देवदूताची, सान मिगेलची जत्रा. पहाटे चारला पारोकियाच्या, म्हणजे गावच्या मुख्य चर्चच्या, समोर फटाके सुरू, दिवसा पिसांचे मुकुट घातलेले नर्तक येतात, पापान्त्लाचे व्होलादोरेस उंच खांबावरून दोर बांधून गिरक्या घेत उतरतात. ग्रितो संपूर्ण देशाचा, तो टीव्हीवरही दिसतो. जत्रा ही याच गावाची, आणि तिथे कुणीही तुम्हाला काही समजावून सांगत बसत नाही.

---

प्रेषक: केरेतारो, आयटीवाली
विषय: 16 तारीख आणि घरकामाच्या मावशी

काकू, बाजूचा प्रश्न. आमच्या सेन्योरा सोमवारी येतात. 16 ला पण येते म्हणाल्या. नेहमीचे पैसे द्यायचे की थोडे वर?

---

प्रेषक: सान मिगेलच्या काकू
विषय: उत्तर: 16 तारीख आणि घरकामाच्या मावशी

थोडे वर नाही. 16 सप्टेंबर कायद्याने सक्तीची सुट्टी. काम केलं तर रोजचा पगार आणि त्यावर दुप्पट, म्हणजे एकूण तिप्पट. घरकामालाही ही सुट्टी लागू आहे. उगाच "ती स्वतःच म्हणाली" असं करू नका. तिच्याही घरी पोसोले शिजत असेल. सुट्टी द्या, दिवसाचे पैसे द्या आणि त्या दिवशी भांडी आपण घासा.

---

प्रेषक: लेओनचे काका
विषय: उत्तर: लाँग वीकेंडला काय करावं?

काकू, वरण-भाताची एक जागा माझ्यासाठी धरा. मी लेओनहून बसने येईन, गाडी आणत नाही.

आणि सचिवसाहेब, स्मरणिकेसाठी लेख हवा होता ना? वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे, गदर चळवळीतले. पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवत होते, मक्याच्या वाणांवर काम करत होते. 2022 मध्ये तिथे त्यांचा पुतळा बसला. आपण मराठी मंडळ म्हणवतो, आपल्यातले किती जण चापिंगोला गेले आहेत? पुढचा लाँग वीकेंड नोव्हेंबरातला तिसरा सोमवार. तेव्हा सगळे तिकडे जाऊ.

---

प्रेषक: नवीन सभासद, केरेतारो
विषय: उत्तर: उत्तर: लाँग वीकेंडला काय करावं?

सर्वांचे आभार. आईने सगळे मेल मोठ्याने वाचून घेतले. निर्णय तिचाच: ग्रितो केरेतारोतच, चालत जाऊन. सान मिगेलला जत्रेला येतो, काकू, वरची खोली तेव्हासाठी धरा. विसर्जनाला आम्ही चौघंही आहोत. बाबा विचारतात, ढोल वाजवायला परवानगी लागेल का? सोसायटीचे नियम कडक आहेत.

---

प्रेषक: मंडळ सचिव
विषय: विसर्जन, अंतिम

रविवार, 15 सप्टेंबर, सकाळी 10, आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर. मूर्ती यंदा मुलांनी दोलोरेसच्या कुंभाराकडून आणलेल्या मातीची केली आहे, रंग फक्त हळद आणि गेरू. मोठ्या टबात विरघळवू, माती झाडांना घालू. धरणाच्या पाण्यात काही टाकायचं नाही, हे पुन्हा सांगतो.

ढोलाचं: सोसायटीच्या व्यवस्थापकांना विचारलं. ते म्हणाले, त्या दिवशी सकाळपासून सगळी मुलं कर्णे वाजवत फिरणार, तुमचा ढोल कुणाला ऐकू येणार आहे? तेवढी परवानगी पुरे. दुपारी एकच्या आत आवरू, म्हणजे सगळ्यांना झोप काढून रात्री प्लासाला जाता येईल. काका नवव्या दिवसाचा निषेध नोंदवून येणार आहेत.

मोदक ताईंकडे, पुरी-भाजी आमच्याकडे, ताक आयटीवाल्यांकडे. नारळ अजून तीन हवेत. बाजारात सोललेले मिळतात, शेंडीवाले कुणाला दिसले तर गुरुवारपर्यंत कळवा.