गडद तपकिरी डोळ्यांना रंगीत लेन्स आणि त्यावर मेकअप: सल्ला हवा आहे

निळीशाई
घरचा एक समारंभ दीड महिन्यावर आलाय, तेव्हा रंगीत लेन्स घालायचा विचार आहे. डोळे गडद तपकिरी, जवळजवळ काळेच. वर्ण गव्हाळ, पिवळसर झाकेचा. चष्म्याचा नंबर उजवा −६.००, डावा −४.५० आणि डाव्यात −०.५० सिलिंडर (डोळ्याची गोलाई सगळीकडे सारखी नसल्याचा वेगळा नंबर). याआधी लेन्स वापरलेल्या नाहीत. कोणता रंग ओढूनताणून आणल्यासारखा दिसणार नाही? चष्म्याच्या नंबरानेच मागवायच्या का? आणि काजळाशिवाय चेहरा आजारी वाटतो, तर त्याचं काय?

दृष्टिकोन
रंग नंतर, आधी नंबर. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिमीवर असते, लेन्स थेट डोळ्यावर. त्यामुळे ४ च्या पुढचे नंबर तसेच्या तसे चालत नाहीत. उणे नंबर लेन्समध्ये कमी होतो. −६.०० चा हिशोब −५.६० येतो, म्हणजे मिळणारा जवळचा नंबर −५.५०. डाव्या डोळ्याला सिलिंडर आहे, पण रंगीत लेन्समध्ये सिलिंडरवाल्या (टोरिक) फार थोड्या मिळतात. एवढासा सिलिंडर असेल तर त्याचा अर्धा भाग मुख्य नंबरात मिळवतात: −४.७५, आणि अंतराचा हिशोब धरून −४.५०. आकडा चष्म्याचाच आला, पण तो योगायोग. हे सगळं कागदावरचं गणित आहे. खरा नंबर ट्रायल लेन्स घालून, डोळे तपासूनच ठरतो.

पाकिटावर आणखी दोन आकडे असतात. बीसी म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूची गोलाई, बहुधा ८.४ ते ८.८, आणि व्यास, बहुधा १४.० ते १४.५ मिमी. लेन्स घट्ट बसली तर उघडझाप केली तरी हलत नाही, तिच्याखालचे अश्रू बदलत नाहीत आणि संध्याकाळपर्यंत डोळा लाल होतो. सैल असली तर घसरते. बिनरंगी लेन्स जराशी घसरली तर खपून जातं. रंगीत घसरली की एका कडेला खालचा तपकिरी रंग कोरीसारखा उघडा पडतो आणि छपाई बाहुलीवर येऊन धूसर दिसतं. म्हणून शून्य नंबरची लेन्ससुद्धा माप न घेता मागवू नये.

रंगपेटी
रंगाबद्दल. तुमच्यासारख्या डोळ्यांवर नुसत्या छटेच्या पारदर्शक लेन्स दिसणारच नाहीत. अपारदर्शक छपाईच्या हव्यात. पाकिटातल्या बिनरंगी लेन्सवर फिकट निळी झाक असते, ती फक्त लेन्स सापडावी म्हणून, तिने डोळ्याचा रंग बदलत नाही.

गव्हाळ, पिवळसर वर्णाला मधाळ तपकिरी किंवा हेझल (हिरवट झाकेचा तपकिरी) सर्वांत सहज जातात. करडा हवाच असेल तर आतल्या कडेला तपकिरी मिसळलेला घ्या. सपाट एकरंगी निळा टाळा: खऱ्या बुबुळात दोन-तीन रंगांच्या रेषा असतात, एकच रंग लांबूनही छापील वाटतो.

फोटो पाहून निवडताना तीन गोष्टी बघा. एक, छपाईचा व्यास. तो लेन्सच्या व्यासापेक्षा वेगळा असतो आणि बऱ्याचदा जी-डाय म्हणून दिलेला असतो. दिसणारं बुबुळ साधारण ११.५ ते १२ मिमी असतं. १३ च्या आसपासचा जी-डाय नैसर्गिक वाटतो, १४ ला डोळे खेळण्यातल्या भावलीसारखे होतात. दोन, बाहेरची कड. काळी ठसठशीत असेल तर डोळा मोठा दिसतो पण लेन्स लगेच ओळखू येते. धूसर तपकिरी कड बरी. तीन, आतली कड, आणि हीच बहुतेक जण बघत नाहीत. मधला भाग बाहुलीसाठी मोकळा सोडलेला असतो. प्रखर उजेडात बाहुली आकसते आणि त्या मोकळ्या भागातून तुमच्या मूळ तपकिरी रंगाचं कडं दिसतं. आतली कड विरत गेलेली असेल तर ते कडं हेझलमध्ये मिसळून जातं. करड्या-निळ्यात मात्र दोन वर्तुळं स्पष्ट दिसतात. रात्री उलटं होतं: बाहुली मोकळ्या भागाहून मोठी होते, दिव्यांभोवती वलयं येतात. रात्री गाडी चालवायची असेल तर लेन्स काढून चष्मा लावा.

पापणी
क्रम ठरलेला आहे: लेन्स आधी, मेकअप नंतर. उतरवताना लेन्स आधी, मेकअप नंतर. हेअरस्प्रे मात्र लेन्सच्याही आधी.

काजळ आतल्या ओल्या कडेवर लावू नका. त्या कडेवर मायबोमियन ग्रंथींची तोंडं असतात, अश्रूंवरचा तेलाचा थर तिथून येतो. तोंडं बुजली की अश्रू लवकर सुकतात, लेन्स टोचायला लागते आणि काजळाचे कण लेन्सवर चढून दुपारपर्यंत दूधट पडदा येतो. त्याऐवजी वरच्या पापणीच्या केसांच्या मुळांमध्ये, बाहेरच्या बाजूने, तपकिरी-काळ्या जेल लायनरचे बारीक ठिपके देऊन जोडा. चेहरा आजारी वाटणार नाही. फिकट लेन्समुळे बुबुळ आणि पांढरा भाग यांतला फरक कमी होतो, म्हणून पापणीची रेघ अजिबात नसली तर डोळा विझल्यासारखा दिसतो. पण चारी बाजूंनी जाड काळी रेघ काढलीत तर टक लावून बघितल्यासारखं वाटेल.

आयशॅडो: हेझलमधली हिरवट झाक वर आणायला वांगी, मनुका, तांबूस. मधाळ लेन्सला गडद निळा किंवा जांभळा, फक्त बाहेरच्या कोपऱ्यात. करड्याला तांबूस-तपकिरी. लेन्सच्याच रंगाची शॅडो लावली की लेन्स फिकी पडते. पावडर शॅडो ब्रशवर घेऊन झटका आणि डोळा मिटून दाबत लावा, घासत नको. क्रीम शॅडो असेल तर कण झडायचा प्रश्नच कमी. चकमकी पूर्ण बंद. कण लेन्सखाली गेला तर कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, ओरखडा येतो.

साधाचष्मा
पापणी यांच्या म्हणण्यात एक भर. वॉटरप्रूफ मस्कारा टिकतो म्हणून सगळे तोच सुचवतात, पण लेन्सवर लागला तर सोल्यूशनने निघत नाही आणि उतरवायला तेलकट रिमूव्हर लागतो. कोमट पाण्याने सुटणारा ट्यूबिंग मस्कारा घ्या. फायबरवाला नको. मुळांपासून नाही, मधल्या भागापासून टोकांकडे न्या. मस्कारा तीन महिन्यांनी टाकून द्यायचा, संपला नसला तरी.

निळीशाई
काजळाचा बाहेरून ठिपक्यांचा उपाय जमेल. आता दोन शंका. कार्यक्रम सकाळी आठ ते रात्री अकरा आहे, लेन्स तेवढा वेळ राहतील का? आणि उलटी लागली हे कसं कळतं?

दृष्टिकोन
पंधरा तास नाही. रंगीत लेन्समध्ये रंगाचा थर असतो आणि अजूनही पुष्कळशा जुन्या धाटणीच्या हायड्रोजेलच्या (पाणी धरणाऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या) असतात, त्यातून प्राणवायू कमी जातो. सिलिकॉन हायड्रोजेल मिळाली तर ती घ्या, तिच्यातून तो जास्त जातो. लेन्समधून प्राणवायू किती जातो ते डीके/टी या आकड्यात सांगतात; जागेपणी वापरायला तो किमान २४ आणि झोपेत ८७ हवा, हा होल्डन-मर्ट्झ यांचा १९८४ चा निकष आहे, त्यावरून दुपारची डुलकीसुद्धा लेन्स घालून का नको ते समजेल. आठ तासांची मर्यादा धरा आणि कार्यक्रमाचा जो भाग फोटोंचा, तेवढ्यातच घाला.

त्यातही थेट त्याच दिवशी नको. पहिल्या दिवशी ३-४ तास, मग रोज तासाभराने वाढवत न्या. दीड महिना पुरेसा आहे, तपासणी या आठवड्यात उरका. एकाच समारंभासाठी असेल तर एकदाच वापरून टाकायच्या डेली लेन्स सर्वांत सोप्या. सरावाचे दिवस धरून जोड्या मोजा.

उलटी-सुलटी: लेन्स बोटाच्या टोकावर उजेडात धरून बाजूने बघा. कड वाटीसारखी सरळ वर गेली तर सुलट, बशीसारखी बाहेर पसरली तर उलट. रंगीत लेन्समध्ये आणखी एक खूण: बाहेरून बघताना रंग उठावदार दिसतो, आतून फिका.

साधाचष्मा
लावण्याआधी हात साध्या साबणाने धुवा, क्रीम किंवा तेल असलेल्या साबणाने नको, आणि लव न सुटणाऱ्या कापडाने कोरडे करा. ओल्या बोटाला लेन्स चिकटून राहते, डोळ्यात उतरत नाही. रोज उजव्यापासूनच सुरुवात करा, तुमचे दोन नंबर वेगळे आहेत.

महिन्याच्या लेन्स घेतल्यात तर: तळहातावर ठेवून सोल्यूशनने दोन्ही बाजू २० सेकंद हलकेच चोळा, पुन्हा सोल्यूशनने धुवा, डबीत ताजं सोल्यूशन भरा. कालच्यात भर घालायची नाही. नळाचं पाणी लेन्सला किंवा डबीला अजिबात नको, त्यातल्या अकँथअमीबा या सूक्ष्मजीवामुळे होणारा डोळ्याचा संसर्ग बरा व्हायला महिने लागतात. आंघोळ, पोहणंही लेन्स काढून. डबी तीन महिन्यांनी बदला. आणि हौसेने कोणी एकदा घालून बघते म्हणाली तर नाही म्हणा.

पापणी
पर्समध्ये ठेवायचं: चष्मा, लेन्सची डबी, सोल्यूशनची छोटी बाटली, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले लेन्सवर चालणारे ड्रॉप्स, कापूस नव्हे तर टिश्यू. डोळा नुसता कोरडा वाटला तर ड्रॉप्स टाका. दुखला, लाल झाला, उजेड सहन होईना किंवा लेन्स काढल्यावरही धूसर राहिलं तर लेन्स परत घालू नका, डबीसकट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मेकअप तसाच राहिला तरी चालेल.

निळीशाई
हेझल, जी-डाय १३ च्या आसपास, डेली. तपासणीची वेळ घेतली.