मदत हवी आहे: सोन्याच्या निबचं शाईपेन घ्यावं का?

मंडळी, वडील मे अखेर शाळेतून निवृत्त होतायत. आयुष्यभर शाईपेननेच लिहिलं, अजूनही रोज रात्री डायरी लिहितात. त्यांना पायलट कस्टम ७४ द्यावं असं मनात आहे, १४ कॅरेट निबचं. भाऊ म्हणतो, स्टील निबचं लामी सफारी घे, उरलेल्या पैशात चार वर्षांची शाई येईल!

मी वाचलंय त्यावरून स्टील असो वा सोनं, कागदाला टेकणारं टोक वेगळ्या कठीण धातूचंच असतं. मग गुळगुळीतपणा टोकाच्या घासणीवरच ठरणार ना? सोन्याला शाईने गंज चढत नाही हे मान्य, पण वडील निब रोज धुतातच.

खरी अडचण कागदाची. त्यांच्या साध्या वहीत शाई पसरते, 'क्ष'चं पोट भरून जातं. जपानी एफ (फाइन, म्हणजे बारीक टोकाचं) निब युरोपियन एफपेक्षा बारीक, म्हणून पायलटकडे कल. पण त्यांचा हात जड आहे, दाबून लिहितात. सोन्याचं निब वाकेल का?

कुणी दोन्ही वापरलीत? आणि सांगलीत, विश्रामबाग किंवा गावभागात, शाई भरून लिहून बघू देणारं दुकान आहे का? नसेल तर कोल्हापूरचंही चालेल.