मदत हवी आहे: जामीन मंजूर, पण जामीनदार नाही
नमस्कार मंडळी. आमचा छोटा सेवा क्लब दर दिवाळीला जिल्हा कारागृहात फराळ, घोंगड्या आणि चष्मे देतो. फोटो निघतात, हारतुरे होतात, संपलं. यंदा बराकीत डोकावलो तर दोन वळकट्यांच्या मध्ये पाऊल ठेवायला जागा नव्हती. कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावं लागतं, असं एक जण हसत म्हणाला. तिथे आणखी घोंगड्या देऊन काय करणार?

बहुतेक जण कच्चे कैदी. काहींना जामीन मिळालाय, पण जामीनदार आणायचा कुठून? ऊसतोडीला आलेल्या माणसाला इथे सातबारा असलेला ओळखीचा कोण असणार!

माझ्या माहितीप्रमाणे, जामीन मिळूनही ७ दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला (गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी संस्था) कळवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्येच सांगितलंय. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजनाही आहे; २०२३ च्या नियमांत कच्च्या कैद्याला ४० हजारांपर्यंत मदत होती. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ४७९: पहिलाच गुन्हा असेल आणि कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत गेला असेल तर बंधपत्रावर (हजर राहीन अशा लेखी हमीवर) सुटका. जन्मठेप-फाशीची कलमं वगळून, अर्थात.

प्राधिकरणासोबत अशा अडकलेल्या कैद्यांच्या याद्या करण्याचं काम कुणी केलंय का? अर्ज कुणाच्या नावे करावा? क्लबने जामिनाची रक्कम भरावी की त्या भानगडीत पडू नये? आमचे खजिनदार आत्ताच घाबरलेत. वकील मंडळींनी जरूर लिहा.