मदत हवी आहे : गणित ऑलिम्पियाडसाठी शिक्षक (सातारा किंवा ऑनलाइन)

माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत असून तिला गणित ऑलिम्पियाडची, म्हणजे आधी आयओक्यूएम (पात्रता परीक्षा) आणि पुढे आरएमओची (विभागीय गणित ऑलिम्पियाडची), तयारी करायची आहे. गावातील क्लासेसमध्ये चौकशी केली. सर्वत्र जेईई आणि सीईटीचाच अभ्यास चालतो, ज्यात कलनावर (कॅल्क्युलसवर) भर असतो, तर ऑलिम्पियाडला संख्या सिद्धांत, चयनशास्त्र (मोजणी व निवडीचे गणित), भूमिती आणि बीजगणित लागते. आयओक्यूएममध्ये केवळ पूर्णांकी उत्तर नोंदवायचे असल्याने तिचे बरेचसे निभते. खरी अडचण आरएमओत लागणारी सिद्धता लिहिण्याची आहे : चार बिंदू एकाच वर्तुळावर आहेत हे तिला आकृतीवरून दिसते, परंतु ते का, हे पायरीपायरीने मांडता येत नाही. व्हिडिओ पाहून हे सुधारत नाही, कारण वही तपासणारे कोणी नसते. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठानात असे मार्गदर्शन मिळते, परंतु महाविद्यालय सांभाळून नियमित जाणे-येणे शक्य नाही. शनिवारी-रविवारी वेळ आहे. माध्यम मराठी वा इंग्रजी चालेल.

लेखी सिद्धता तपासून देणारे शिक्षक किंवा स्वतः आरएमओ उत्तीर्ण झालेले विद्यार्थी कोणाच्या माहितीत आहेत का, आणि अशा शिकवणीचे शुल्क साधारण किती असते?