शिवडीचा चिखल आणि मुंबईचं बंदर
(सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

*सायली, बी-६०२:* 📷 हा फोटो आत्ताच गच्चीवरून काढला. पार अटल सेतूच्या खांबांपर्यंत चिखलच चिखल. आर्याच्या पुस्तकात मुंबईला उत्तम नैसर्गिक बंदर म्हटलंय. ती विचारतेय, या चिखलात जहाज येणार कसं? मला काही सांगता आलं नाही. कुणाला माहीत आहे का?

*सेक्रेटरी:* रविवारच्या घारापुरी सहलीची नावं आज रात्रीपर्यंत द्या. २३ झाली आहेत.

*तांडेल काका, ए-१०१:* आत्ता पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी आहे गं. संध्याकाळी परत गच्चीवर जा. पाणी तिवरांच्या बुंध्याला लागलेलं दिसेल.

*सुलभाताई, सी-४०३:* सायली, आर्याने अगदी मुद्द्याचं विचारलं. तीस वर्षं भूगोल शिकवला, पण हा प्रश्न मला फार थोड्या मुलांनी विचारला.
आपल्याला शिवडीवरून दिसतो तो बंदराचा उथळ काठ. नकाशा उघड. पश्चिमेला मुंबईचं बेट, पूर्वेला उरण-न्हाव्याची किनारपट्टी आणि मधे जवळजवळ ४०० चौरस किलोमीटर पाणी. तोंड दक्षिणेकडे, नैर्ऋत्येला थोडं कललेलं. पावसाळ्यात लाटा येतात त्या मुंबईच्या पश्चिम अंगावर, म्हणजे वरळी, मलबार हिल, कुलाब्यावर आपटतात. आतलं पाणी त्या मानाने शांत राहतं. म्हणून तर सगळ्या गोद्या पूर्वेला आहेत आणि मरीन ड्राइव्हला एकही नाही.
मधल्या मुख्य वाटेत १० ते १२ मीटर नैसर्गिक खोली आहे. ती टिकते भरती-ओहोटीमुळे. उधाणाला इथं पाणी साडेचार-पाच मीटर चढतं. एवढं पाणी ठाण्याच्या खाडीपर्यंत शिरायचं आणि सहा तासांत परत जायचं, दिवसातून दोनदा. त्या ओढीने वाट साफ राहते आणि गाळ कडेला बसतो. आपल्या गच्चीखाली बसतो तो हाच.

*शिंदे वहिनी, बी-२०४:* पण एवढ्या नद्या येऊन मिळतात, त्यांचा गाळ?

*सुलभाताई, सी-४०३:* येतोच. पाताळगंगा, पनवेलची खाडी, धरमतरकडून अंबा. पण उल्हास ही त्या मानाने मोठी नदी, आणि तिचं मुख्य पाणी ठाण्याच्या वरच्या अंगाने वसईकडे निघून जातं. आपल्या खाडीशी तिचा संबंध एका अरुंद फाट्यापुरता. हे बंदराचं मोठं भाग्य.

*तांडेल काका, ए-१०१:* कडेचा गाळ किती ते बघायचं तर भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोऱ्याला जा. मोठ्या ओहोटीला तिथं लाँच धक्क्याला लागत नाही, पाणी वर येईपर्यंत थांबावं लागतं. आमचे आजोबा मोऱ्याहून मचवा घेऊन यायचे. ते घड्याळ बघत नसत, तिथी बघत. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी. त्यावर निघायची वेळ ठरायची.

*अनिकेत, ए-७०४:* मला एक जोडायचंय. बंदर इंग्रजांनी वसवलं असं आपण सर्रास म्हणतो. मला ते पटत नाही. इंग्रज यायच्या दीड हजार वर्षं आधी या पाण्यातून व्यापार चालत होता, फक्त मुक्कामाची जागा वेगळी होती.
पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या टिपणात सोपारा, कल्याण आणि चौल तिन्ही बंदरं येतात. कल्याणबद्दल तो लिहितो की आधी ते खुलं होतं, पण सत्ता बदलली आणि चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेऊ लागले. म्हणजे कुठल्या बंदरात जहाज लागावं यावरून तेव्हाही राज्याराज्यांत ओढाताण होती! कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची गावं कोरली आहेत, त्यातही कल्याण, सोपारा, चौल. कल्याणहून माल नाणेघाट चढून जुन्नरला जायचा.

*सायली, बी-६०२:* पण कल्याणला समुद्र कुठाय?

*अनिकेत, ए-७०४:* खाडी आहे ना. एक वाट वसईकडून, दुसरी आपल्याच समोरून ठाण्याला. तेव्हाची गलबतं लहान, चिखल त्यांना अडचणीचा नव्हताच. भरतीबरोबर आत जायचं, ओहोटीला चिखलात बसायचं, बुड साफ करायचं, माल उतरवायचा. उघड्या समुद्रापासून लांब, घाटाच्या जवळ. सोईची जागा तीच. मुंबईच्या सात बेटांवर कोळी होते, माडाच्या वाड्या होत्या, मिठागरं होती. मोठी पेठ नव्हती.

*तांडेल काका, ए-१०१:* कोळी होते हे लिहिलंस, बरं वाटलं. बहुतेक ठिकाणी त्या एका ओळीतच आम्ही संपतो.

*अनिकेत, ए-७०४:* काका, खरंय. त्या सात बेटांचं पाणी तुमच्या लोकांनाच माहीत होतं. खडक कुठं, वाट कुठं, ते नंतर आलेल्यांनी तुमच्याकडूनच शिकलं असणार.

*सुलभाताई, सी-४०३:* मुळात हे बंदर झालं कसं याचा एक पुरावा फार सुंदर आहे. प्रिन्सेस डॉक ही इथली गोदी १८८० मध्ये सुरू झाली. त्याआधी तिचं खोदकाम करताना चिखलाखाली जंगल सापडलं. साडेतीनशेहून जास्त झाडं, बरीचशी मुळांवर उभी, खैराची. खैर खाऱ्या पाण्यात वाढत नाही. म्हणजे आज जिथं भरती येते तिथं एके काळी कोरड्या जमिनीवर रान होतं. जमीन खचली, पाणी वर आलं आणि टेकड्यांची डोकी बेटं म्हणून उरली. घारापुरी, करंजा, आपली शिवडीची टेकडीसुद्धा. हे मी वर्गात सांगायचे तेव्हा शेवटच्या बाकापर्यंत सगळे गप्प व्हायचे.

*शिंदे वहिनी, बी-२०४:* अंगावर काटा आला. आपण रोज तिकडूनच जातो.

*सेक्रेटरी:* २६ झाली. अनिकेत, घारापुरीबद्दल लिही ना, सगळे तिथंच चाललोय.

*अनिकेत, ए-७०४:* लेणी साधारण सहाव्या शतकाच्या मधली. ऐहोळेच्या शिलालेखात (इ.स. ६३४) चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने शेकडो जहाजांनिशी ‘पुरी’वर हल्ला केल्याचं वर्णन आहे, आणि त्या नगरीला पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हटलंय. काही अभ्यासक म्हणतात ती पुरी म्हणजे घारापुरी, काही म्हणतात जंजिऱ्याजवळची राजपुरी. मला घारापुरी वाटते, कारण बेट बंदराच्या ऐन मध्यावर आहे. तिथं बसलेल्याच्या नजरेतून ठाण्याकडे जाणारं गलबत सुटणं अवघड.
पोर्तुगीजांना घारापुरीच्या राजबंदरला दगडी हत्ती दिसला, म्हणून त्यांनी एलिफंटा म्हटलं. तो हत्ती आता राणीच्या बागेत आहे.

*सायली, बी-६०२:* मग मुंबई पुढे कशी आली? आर्या बाजूलाच बसून वाचतेय.

*अनिकेत, ए-७०४:* आर्या, जहाजं मोठी झाली म्हणून. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि ही बेटं पोर्तुगीजांना दिली, पण त्यांचा सगळा जीव वसईत. मुंबई बेट त्यांनी गार्सिया द ओर्ता या वैद्याला खंडाने, म्हणजे भाडेपट्ट्याने दिलं होतं! पुढे युरोपच्या मोठ्या जहाजांना पाच-सहा मीटर पाणी लागायला लागलं. सुरतेला तापीच्या गाळामुळे ती आत जात नसत, बाहेर समुद्रकाठच्या सुवाळीला उभी राहायची. म्हणून सुरतेच्या इंग्रजांनी १६५२ मध्येच मुंबई विकत घ्या असा आग्रह धरला. मग १६६१ चा इंग्लंडचा राजा आणि पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नाचा करार, त्यात मुंबई आंदण; १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताबा आणि १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे.
आपल्या महाराजांनी हे पाणी आधीच ओळखलं होतं. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि आरमाराची जहाजं त्याच खाडीत बांधायला घेतली. १६७९ मध्ये बंदराच्या तोंडाशी खांदेरीवर किल्ला उभारायला लावला. महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी तिथं ठाण मांडून बसले. इंग्रजांनी जहाजं आणून अडवायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. खांदेरी हातात म्हणजे मुंबईत कोण येतं-जातं ते सगळं दिसणार. मला या सगळ्या इतिहासात ही चाल सगळ्यात मोठी वाटते.

*तांडेल काका, ए-१०१:* खांदेरीला वेताळाच्या पाया पडायला जातो आम्ही. रात्री दिवा दिसला की घर जवळ आलं समजायचं.

*सुलभाताई, सी-४०३:* आणि जहाजं बांधणाऱ्या लवजी वाडियांना विसरू नका. १७३५ मध्ये सुरतेहून आले. १७५० मध्ये इथं सुकी गोदी झाली. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी काढून दरवाजा लावायचा. पाण्याची एवढी चढ-उतार नसती तर ते इतकं सोपं झालं नसतं.

*सायली, बी-६०२:* आर्या म्हणतेय, म्हणजे चिखल आणि खोल पाणी दोन्ही भरती-ओहोटीनेच केलं.

*सुलभाताई, सी-४०३:* शंभरपैकी शंभर. ❤️

*सेक्रेटरी:* रविवारी सकाळी ८ ला गेटवर जमायचं. लेण्यांनंतर जेवण.

*अनिकेत, ए-७०४:* एक विनंती. लेण्यांकडे सगळेच जातात. बेटाच्या दुसऱ्या अंगाला मोराबंदरला विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. जुन्या गलबतांचा काठ तोच. काका बरोबर असतील तर आधी तिकडे जाऊ या का?

*तांडेल काका, ए-१०१:* येतो. आर्याला माझ्याजवळ बसव, लाँचमधून खडक दाखवत नेतो.