मदत हवी आहे : देव बदलत नाही, मग प्रार्थनेने काय होतं?

नमस्कार मंडळी. दादरला आमच्या चर्चमध्ये कॉलेजच्या मुलांचा रविवारचा अभ्यासवर्ग मी घेते. देव म्हणजे नुसती शक्ती नव्हे, तो ओळखतो, बोलतो, प्रेम करतो, हे मुलांना पटतं. पण बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकाचा १५वा अध्याय वाचताना एका मुलीने नेमकं बोट ठेवलं. अकराव्या वचनात शौलाला राजा केल्याचा देवाला पस्तावा होतो, आणि एकोणतिसाव्यात शमुवेल संदेष्टा म्हणतो, पस्तावा करायला देव काही माणूस नाही. एकाच अध्यायात! मग आपल्या प्रार्थनेने त्याला काही वाटतं की नाही?

मध्ययुगातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस म्हणतो, प्रार्थना देवाचा बेत बदलायला नसते. जे प्रार्थनेतूनच द्यायचं त्याने ठरवलंय, ते मागायला असते. तर्काला पक्कं आहे. पण आजारी आईसाठी रोज गुडघे टेकणाऱ्या मुलीला हे फार कोरडं उत्तर झालं. मला वाटतं, आपल्या मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरीपाशी रडणाऱ्या येशूपासून (योहान ११:३५) सुरुवात करावी. मात्र ते रडणं त्याच्या मानवी स्वभावाचं की देवाचंही, हा प्रश्न लगेच येणार, आणि तो येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस आहे असं ठरवणाऱ्या, इ.स. ४५१ च्या खाल्सेदोन धर्मपरिषदेपर्यंत जातो.

कुणी हे तरुणांना शिकवलंय का? कुठून धरलंत? सोपं मराठी वाचनही सुचवा. रविवारच्या आत कळलं तर फार बरं होईल.