फायबरवाल्या यूएचपीसीची टेन्साईल स्ट्रेंग्थ: स्प्लिटचा आकडा धरायचा का?

टेस्टिंगवाला:
मंडळी, यूएचपीसीचं (अल्ट्रा हाय परफॉर्मन्स काँक्रीट, म्हणजे फार मजबूत काँक्रीट) मिक्स आहे, त्याची टेन्साईल स्ट्रेंग्थ (ओढ सहन करायची ताकद) काढायचीय. स्टील फायबर व्हॉल्यूमने २%, १३ मिमी लांब आणि ०.२ मिमी जाड. सिलिंडर आडवा ठेवून दाबून फोडायची स्प्लिट टेस्ट घेतली की १८ एमपीए येतंय आणि त्याच मिक्सचा डॉगबोन (मधे बारीक, टोकांना रुंद नमुना) करून सरळ ओढला (डायरेक्ट टेन्शन) की ८-९ च्या वर जात नाही, त्यात काही नमुने ग्रिपपाशीच तुटले. गाईड म्हणतात रिपोर्टमध्ये एकच आकडा द्या. कुठला देऊ?

जुना साइटवाला:
स्प्लिटचा तर नकोच. ते २पी भागिले पाय डी एलचं सूत्र (पी म्हणजे लोड, डी व्यास, एल लांबी) सिलिंडर तडकेपर्यंतच खरं. साधं काँक्रीट तडकलं की लोडही तिथेच संपतो म्हणून चालून जातं. फायबरवाल्यात चीर पडली तरी फायबर दोन्ही बाजू धरून ठेवतात, लोड चढतच राहतो आणि लोड देणाऱ्या पट्टीखालचं काँक्रीट चेपलं जातं, म्हणजे तुमचे १८ ही टेन्साईल स्ट्रेंग्थ नाहीच. ग्राफवर पहिली चीर कुठे पडली ते शोधा, त्या आकड्याला थोडाफार अर्थ आहे.

चीरमोजणी:
+१. डायरेक्ट टेन्शनमध्ये खरी डोकेदुखी अलाइनमेंटची. समोरासमोर दोन्ही बाजूंना एलव्हीडीटी (नमुना किती ताणला ते मोजणारे सेन्सर) लावलेत का? एक रीडिंग पळतंय आणि दुसरं ढिम्म असेल तर तुम्ही नमुना ओढत नाही, वाकवताय. ग्रिपपाशी तुटू नये म्हणून सरळ प्रिझम घ्या आणि टोकांना निमुळत्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या इपॉक्सीने चिकटवा, मग ताण एकाच जागी गोळा होत नाही. आणि मशीन डिस्प्लेसमेंट कंट्रोलवरच (लोड नव्हे, सरकणं ठरावीक वेगाने वाढवायचं) ठेवा, लोड कंट्रोलवर चीर पडल्यानंतरचा कर्व्ह हातातून जातो आणि फायबर घालतो ते तर त्याच्यासाठीच ना!

टेस्टिंगवाला:
एलव्हीडीटी एकाच बाजूला आहे 😐 मग सरळ बीम टेस्टच (बीम वाकवून तोडायची) करून मोकळं व्हावं का?

जुना साइटवाला:
करा की, ईएन १४६५१ (युरोपियन स्टँडर्ड) वाली, मधोमध २५ मिमी खाच पाडून. पण बीमचा आकडा डायरेक्टपेक्षा मोठाच येणार, त्यातून टेन्शन काढायचं तर इन्व्हर्स ॲनालिसिस (बीमच्या कर्व्हवरून उलट गणित करणं) आलंच. आणि हो, मोल्ड भरला कसा ते लिहिलंच नाहीत. एका टोकाकडून ओतून वाहू दिलं असेल तर फायबर लांबीच्या दिशेने झोपतात, साच्याच्या भिंतीलगत तर जास्तच, आणि आकडा फुगतो. खऱ्या स्लॅबमध्ये तशी दिशा मिळेलच असं नाही, तेव्हा गाईडना एकच आकडा हवा असेल तर डायरेक्टचा द्या, पण शेजारी ओतायची पद्धत आणि नमुन्याची मापं लिहा.